जर्मनचं पातेलं, जर्मनची गाडी

"जर्मनची हाय? मग पोचे लवकर पडतेल की रं!"

गेल्या दिवाळीत आमच्या कळंबच्या घरासमोर गाडी उभी राहिली, तेव्हा आज्जीची ही पहिली प्रतिक्रिया. तिचंही बरोबर आहे म्हणा. तिच्या पिढीला जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची परात. हलकं, स्वस्त, आणि हातातून सुटलं की पोचा ठरलेला. दादाने तिला समजावलं, की आज्जी ही ती जर्मन नाही, शोरूममधून निघाली तेव्हा पंचावन्न लाखांची होती. आज्जीने चष्मा सावरला, गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली आणि विचारलं, "तू कितीला आणलास?"

"साडेसात."

"मग राहिलेले सत्तेचाळीस लाख कुठं गेले?"

सगळे हसले. मीही हसले. मंडळी, त्यानंतरचं अख्खं वर्ष आम्ही भाऊ-बहीण मिळून याच प्रश्नाचं उत्तर शोधतोय.

गाडीचा ब्रँड सांगत नाही. जर्मन आहे, चार दारांची आहे, बॉनेट लांब आहे, डिझेल आहे आणि वय बारा वर्षं आहे, एवढं पुरे. नाव न सांगायचं कारण असं, की पुढे जे रामायण घडलं त्यात दोष कंपनीचा कमी आणि आमचा जास्त होता. शिवाय आमच्या गल्लीत लांब बॉनेटच्या प्रत्येक गाडीला 'मर्सडी'च म्हणतात, त्यामुळे तिथे ब्रँडचा प्रश्नच नाही.

हा मोह तुम्हालाही झालेला असणार. रात्री साडेअकरा. उद्याचं प्रेझेंटेशन अर्धवट. आपण मोबाइलवर सेकंडहँड गाड्यांचं ॲप उघडून बसलेलो. नवी स्विफ्ट घ्यायला निघालेल्या माणसाला तेवढ्याच बजेटमध्ये अचानक ई-क्लास दिसते, फाइव्ह सीरिज दिसते, ए६ दिसते. लेदर सीट्स, सनरूफ, दार बंद होतानाचा तो जाडजूड 'धप्प' आवाज! आणि मनात येतं, च्यायला, लोक वेडे आहेत का नवी गाडी घ्यायला?

दादाच्या मनात मात्र हे बीज फार जुनं आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एका दमात खरेदी केल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार, स्टेट बँकेचं स्वस्त कर्ज, आणि देशभरच्या पेपरांत मराठवाड्याचं नाव. एरवी आमचं नाव पेपरात यायचं ते दुष्काळासाठी. दादा तेव्हा अकरावीत होता. त्याने ते कात्रण वहीत चिकटवलं होतं. तसं जर्मन गाड्यांशी आपल्या राज्याचं नातं त्याहून जुनं आहे. १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास तयार व्हायला लागली, २००९ मध्ये कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला आला. औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात २००१ पासून स्कोडा होती आणि ऑडीची जोडणीही पुढे तिथेच सुरू झाली. म्हणजे गाड्या आपल्या अंगणात बनत होत्या, फक्त आपल्या अंगणात उभ्या राहत नव्हत्या.

दादा आज एकतीस वर्षांचा आहे. कळंबच्या मोंढ्यात आमची आडत आहे, थोडी शेती आहे, सोयाबीन आणि थोडा ऊस. तब्येत चांगली, स्वभाव चांगला, व्यसन शून्य. आणि तीन वर्षांत सोळा स्थळांकडून एकच निरोप: "मुलगा चांगलाय हो, पण नोकरी पाहिजे होती." पुण्यात बसून हे वाचताना तुम्हाला गंमत वाटेल. आमच्याकडे प्रत्येक गल्लीत असे दोन-तीन दादा आहेत. गाडी घ्यायचं त्याने या कारणासाठी ठरवलं, असं तो कधीच म्हणाला नाही. पण नव्या बायोडेटाच्या फोटोत मागे कुठलं बॉनेट दिसतंय, ते मी बघितलंय.

आता माझ्या चुकीकडे येते.

गाडी पुण्यात होती, मी पुण्यात होते. दादाचा फोन आला, "दोन तास काढ, तेवढी गाडी बघून ये. तुला कळतं त्यातलं." मला त्यातलं काय कळत होतं? मास कॉम केलंय, ऑटो एक्स्पोच्या दोन बातम्या लिहिल्यात, बस्स. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक स्टोरी द्यायची होती. दोन तासांऐवजी चाळीस मिनिटं दिली आणि त्यातली पंधरा फोटो काढण्यात गेली. डीलर एकदम गोड माणूस. "मॅडम, डॉक्टरांची गाडी आहे. सिंगल ओनर. फक्त बासष्ट हजार चाललीय." मी दादाला फोन लावला आणि म्हटलं, "सॉलिड आहे. घे!"

आज तीच गाडी पुन्हा बघितली तर मला काय काय दिसेल, ते सांगते. मी पोचले तेव्हा बॉनेट कोमट होतं, म्हणजे इंजिन आधीच चालू करून ठेवलेलं. सेकंडहँड गाडी नेहमी थंडगार असताना, आपल्यासमोर पहिल्यांदा स्टार्ट करून बघायची. सकाळचा पहिला धूर आणि पहिला खडखडाट खोटं बोलत नाही. इंजिनची खोली आरशासारखी चकाचक धुतलेली होती. मला वाटलं, वा, काय निगा राखलीय! खरं तर बारा वर्षांच्या इंजिनवर धूळ आणि तेलाचे डाग असायला हवेत, ते कुठून गळतंय हे त्यावरूनच कळतं. ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंगचं लेदर तुळतुळीत, ड्रायव्हर सीटची कड दबलेली. बासष्ट हजारांत एवढी झीज? चार टायर तीन कंपन्यांचे. आणि कूलंटच्या प्लॅस्टिक टाकीच्या जोडाभोवती वाळलेला गुलाबी थर! तो तर फोटोतही आलाय. मी तो फोटो 'नाइस क्लिक' म्हणून स्टेटसला ठेवला होता.

या गाड्यांचं काम करणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन, कॉम्प्युटर लावून, लिफ्टवर चढवून तपासणी करायला तीन हजार लागले असते. मी ते वाचवले.

कागदपत्रांचं टेन्शन त्या मानाने कमी झालं. गाडी १२ पासिंगची. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, फक्त पुण्याच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, ट्रान्स्फरसाठी २९ आणि ३०, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला ३५. परिवहन खात्याच्या पोर्टलवर नंबर टाकून बोजा, विमा आणि थकलेली चलनं पैसे देण्यापूर्वी बघून घ्या. आम्ही नंतर बघितली. 'डॉक्टरसाहेबां'ची सहा चलनं आम्ही भरली. आणि परराज्यातली स्वस्त गाडी बघून हुरळून जाऊ नका. दिल्लीत २०१५ मध्ये जुन्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आल्यापासून तिकडच्या गाड्या पाण्याच्या भावात इकडे यायला लागल्या, पण त्यांना इथला रोड टॅक्स आणि नवी नोंदणी लागते. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर फेरनोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर आहेच. बारा वर्षांची गाडी घेताना हे तीन वर्षांवर आलेलं असतं, हेही मी दादाला सांगायला हवं होतं.

असो. येरमाळ्याला येडेश्वरीपुढे गाडीची पूजा झाली. कुंथलगिरीचे पेढे वाटले. हिवाळा मस्त गेला. रांजणीच्या कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांमधून ती गाडी अशी तरंगत जायची, की मामा मागच्या सीटवर घोरायला लागायचे. फेब्रुवारीत एक टायर खड्ड्यात फुटला. डिकी उघडली तर स्टेपनीच नाही! बऱ्याच जर्मन गाड्यांना रनफ्लॅट टायर असतात, पंक्चर झाले तरी काही अंतर हळू चालतात, म्हणून कंपनी स्टेपनी देत नाही. जर्मनीच्या ऑटोबानवर ठीक आहे हो. इथे त्या साइझचा टायर ना कळंबला मिळाला ना बार्शीला. सोलापूरहून आला, दोन दिवसांनी.

आणि मग मे महिना.

बार्शीला मुलगी बघायचा कार्यक्रम होता. मुलगी पतसंस्थेत नोकरीला. गाडीत दादा, आई, आप्पा, मामा आणि मधे दाबून बसलेली मी. बाहेर बेचाळीस डिग्री, आत एसी फुल्ल. येरमाळा सोडलं आणि थोड्या वेळात टेम्परेचरची सुई, जी सहा महिने बरोब्बर मध्यावर उभी होती, उजवीकडे सरकली. आप्पा म्हणाले, "थांबव." दादा म्हणाला, "पुढं दोन किलोमीटरवर ढाबा हाय, सावलीत थांबू."

ती दोन किलोमीटरं आम्हाला एक लाख ब्याण्णव हजारांना पडली.

या गाड्यांच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये ती सुई मुद्दाम सुस्त ठेवलेली असते. तापमान थोडं वर-खाली झालं तरी ती मध्यावरच दिसते, मालकाला उगाच घोर नको म्हणून. ती हलली म्हणजे तिथल्या तिथे इंजिन बंद. ढाबा नाही, सावली नाही, काही नाही. आम्ही ढाब्यावर पोचलो तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती आणि मामा चुलीवर पाणी उकळल्यासारखा आवाज येतोय असं सांगत होते. त्यांचं निरीक्षण अचूक होतं.

कार्यक्रमाला आम्ही काळी-पिवळीने गेलो. आईच्या जरीच्या साडीवर शेजारच्या बाईची भाजीची पिशवी, दादाच्या पांढऱ्या शर्टावर ग्रीसचा एक पट्टा. गाडी ढाब्यावर. विम्यासोबत काहीशे रुपयांत मिळणारी रोडसाइड असिस्टन्स आम्ही घेतली नव्हती (आता घेतलीय). टोचन लावून कळंबला न्यावी, तर तिथले आमचे मिस्त्री हात जोडून म्हणाले, "ताई, ट्रॅक्टर असता तर रात्रीत उभा केला असता. हिला कॉम्प्युटर लागतो, मला नका पाप लावू." किती प्रामाणिक माणूस! शेवटी फ्लॅटबेडवर पुण्याला. भाडं चौदा हजार.

पुण्याचे गॅरेजवाले काका गेली पंचवीस वर्षं फक्त जर्मन गाड्या उघडतायत. त्यांनी कूलंटच्या टाकीत बोट घातलं, बाहेर काढलं आणि मला दाखवलं. पांढरट, खरखरीत. "बोअरचं पाणी?" दादाने मान खाली घातली. हिवाळ्यापासून टाकीतली पातळी हळूहळू उतरत होती आणि तो दर पंधरवड्याला बोअरच्या पाण्याने ती भरत होता. आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे अर्धे क्षार. डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीने सांगितलेलं कूलंट, निम्मं-निम्मं, एवढा साधा फंडा. शिवाय पाणी कमी होतंय तर ते जातंय कुठे, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. जात होतं त्याच गुलाबी थरातून. या वयाच्या जर्मन गाडीत कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचं घर, पाण्याच्या पाइपांची टोकं ही सगळी प्लॅस्टिकची असतात. दहा-बारा उन्हाळ्यांत ते बिस्किटासारखं ठिसूळ होतं. काकांच्या मते या वयाची गाडी घेतली, की हा सगळा संच पहिल्याच महिन्यात, बिघडायची वाट न बघता बदलायचा. तीस-पस्तीस हजार. आमचं मात्र हेड गॅसकेट गेलं, हेड वाकलं, ते फेसिंगला गेलं, आणि बिलाला दुसरं पान लागलं. कॉम्प्युटर लावल्यावर आणखी एक बातमी कळली. मीटर बासष्ट हजार म्हणत होतं, पण गाडीतल्या दुसऱ्या एका युनिटने एक लाख एकतीस हजारांची नोंद जपून ठेवली होती. डीलरचा फोन अर्थातच लागला नाही.

मी काकांना आज्जीचा प्रश्न विचारला. सत्तेचाळीस लाख कुठे गेले? ते म्हणाले, "गाडीची किंमत उतरते मॅडम. पार्टची उतरत नाही. तुम्ही गाडी साडेसातची घेतली, पण वॉटर पंप अजून पंचावन्न लाखांच्या गाडीचाच आहे."

ही एक गोष्ट कळली असती, तर बाकी काही कळलं नसतं तरी चाललं असतं.

मग दोन दिवस मी वहीच घेऊन त्यांच्याकडे बसले. पत्रकार आहे, दुसरं काय करणार? त्यातलं तुमच्या कामाचं थोडं. 'गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलायचं नाही' असं सांगितलं तर मान हलवा आणि बदला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. इंजिन ऑइल घेताना डब्यावरचा ब्रँड नको, त्यामागचा मंजुरीचा नंबर वाचा, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो तो. पार्ट घेताना गाडीच्या कंपनीच्या खोक्याचे जादा पैसे देऊ नका. आतला माल बऱ्याचदा बॉश, माह्ले, लेमफोर्डर, साक्स यांचाच असतो आणि तो त्यांच्या स्वतःच्या खोक्यात बराच स्वस्त मिळतो. बॉशचा तर नाशिकलाच कारखाना आहे.

मॉडेलचा स्वभावही आधी वाचून घ्यायचा. २००२ नंतरच्या ई-क्लासला इलेक्ट्रॉनिक ब्रेकची एसबीसी नावाची यंत्रणा होती. ती ब्रेक किती वेळा दाबला हे मोजते आणि ठरावीक आकडा झाला की युनिट बदला म्हणते. २००४ मध्ये यासाठी जगभरातून ६ लाख ८० हजार गाड्या तपासणीला बोलावल्या होत्या, आणि २००६ मध्ये कंपनीने ती काढूनच टाकली. तेव्हा २००६ च्या आधीची की नंतरची, हा प्रश्न फार महागडा आहे. बीएमडब्ल्यूच्या एन४७ या डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेन कुरकुरायला लागली की तिथे पोचण्यातच मजुरी जाते. आणि रोज बाणेर ते हिंजवडी एवढंच जाणार असाल, तर १ एप्रिल २०२० नंतरची बीएस६ डिझेल घेण्याआधी दोनदा विचार करा बॉस. तिच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी डीपीएफ नावाची गाळणी असते. ती साफ व्हायला मोकळ्या रस्त्यावर सलग वेगात चालवावं लागतं. वाकड चौकात ती तुंबते. त्या बाबतीत आमचं कळंब बरं.

बिल भरायच्या दिवशी मी साठ हजार दादाच्या हातात ठेवले. लॅपटॉपसाठी जमवले होते. फ्रीलान्सरचे साठ हजार म्हणजे काय, हे ज्यांचं पेमेंट 'पुढच्या आठवड्यात नक्की' असतं त्यांनाच कळेल. त्याने घेतले. बाकीचे त्याने सोयाबीनच्या पट्टीतून काढले. ते ठिबकसाठी ठेवलेले होते, हे मला आईकडून नंतर कळलं. या सगळ्या प्रकारात "तू बघितली होतीस ना?" असं तो मला एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

आप्पांनी एकदाच विषय काढला. "विकून टाक." दादाने चौकशी केली. चार लाखांच्या वर कुणी बोलेना. आणि विकायची तर पुढच्या माणसाला मीटरचं खरं सांगावं लागणार, यावर तो अडून बसला. "आपल्याला फसवलं म्हणून आपण फसवायचं का?" आडतीत बसणाऱ्या माणसाला काट्याची शपथ असते, असं तो म्हणतो. त्यामुळे गाडी घरीच आहे.

आता तो दर महिन्याला दहा हजार वेगळ्या पासबुकात टाकतो. कर्ज नाही, पण हप्ता आहे, गाडीचा गाडीला. आज हिशेब मांडला तर साडेसातची गाडी घेताना हातात दहा असायला हवे होते. अडीच तिच्या पहिल्या वर्षासाठी. डिकीत आता पूर्ण साइझची स्टेपनी आहे, अर्धी डिकी तिनेच खाल्लीय. शेजारी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि साडेतीनशे रुपयांचा तो छोटा स्कॅनर, जो स्टिअरिंगखाली लावला की इंजिनचं खरं तापमान मोबाइलवर दिसतं. दादा सुईवर विश्वास ठेवत नाही. बोलता बोलता मधेच "एक्क्याण्णव" असं म्हणतो. नव्या माणसाला वाटतं, सोयाबीनचा भाव बोलतोय.

आज्जीला अखेर एक पोचा सापडला. मागच्या दारावर, म्हशीच्या शिंगाचा. "म्हटलं होतं की नाही?" असं ती आल्या-गेल्या सगळ्यांना दाखवते.

बार्शीच्या स्थळाचं पुढे काय झालं, ते कॉलममध्ये लिहायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे. तेव्हा लिहीत नाही. फक्त एवढंच, की त्या दिवशी शर्टावरच्या ग्रीसच्या पट्ट्याकडे बघून तिने पहिला प्रश्न विचारला होता, "गाडी कुठं बंद पडली?" आणि हल्ली दादाच्या बार्शीच्या फेऱ्या वाढल्या आहेत. विचारलं तर म्हणतो, गाडी आठवड्यातून एकदा लांब पळवावी लागते, नाहीतर बॅटरी उतरते.